१,८८८ आणि २६

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात शेकडो तक्ते असतात. पोलीस कोठडीतल्या मृत्यूंचा तक्ता त्यातच कुठेतरी मागे असतो आणि तो फारसा कुणी उघडत नाही. २००१ ते २०२० या वीस वर्षांचे हे तक्ते बेरजेला घेतले की चार आकडे हाती येतात. पोलिसांच्या ताब्यात असताना मेलेली माणसे १,८८८. त्याबद्दल पोलिसांवर नोंदलेले गुन्हे ८९३. दोषारोपपत्र दाखल झालेले पोलीस ३५८. शिक्षा झालेले पोलीस २६.

वीस वर्षांचे दिवस होतात ७,३०५. म्हणजे दर चार दिवसांनी देशात कुठेतरी एक माणूस पोलिसांच्या ताब्यात मेला, आणि दर नऊ महिन्यांनी एक पोलीस दोषी ठरला. देशातल्या पोलिसांची संख्या सुमारे २० लाख आहे. त्या हिशेबाने वर्षाकाठी पंधरा लाखांत एकाला शिक्षा. हीसुद्धा सरासरी झाली. एकट्या २००६ या वर्षात ११ जण दोषी ठरले होते, उत्तर प्रदेशात ७ आणि मध्य प्रदेशात ४. ते वर्ष वगळले तर उरलेल्या १९ वर्षांत संपूर्ण देशात मिळून १५.

प्रत्येक मृत्यू मारहाणीनेच झाला असे कुणी म्हणत नाही. आजारपण असते, आत्महत्या असते, पळून जाताना झालेला अपघातही असतो. शिवाय या चार आकड्यांपैकी पहिला माणसांचा आहे, दुसरा गुन्ह्यांचा, आणि पुढचे दोन पुन्हा माणसांचे, त्यामुळे सरळ टक्केवारी काढणे बरोबर होणार नाही. पण हे सगळे मान्य करूनही पहिल्याच पायरीवर थांबावे लागते. १,८८८ मृत्यूंमागे ८९३ गुन्हे, म्हणजे निम्म्याहून कमी. उरलेल्या मृत्यूंची ठाण्याच्या दप्तरात ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून नोंद होते, पंचनामा होतो, शवविच्छेदन होते आणि कागद फायलीत जातो. गुन्हाच नोंदला नाही तर पुढे खटला, साक्षीदार, उलटतपासणी यातले काही येतच नाही.

याच १,८८८ मध्ये आणखी एक फोड आहे आणि मला ती सगळ्यात जड वाटते. ७०३ जण रिमांडवर होते, म्हणजे दंडाधिकाऱ्यासमोर उभे करून रीतसर पोलीस कोठडी मिळवलेले. उरलेल्या १,१८५ जणांचा रिमांड झालेलाच नव्हता. अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करा, असे संविधानाचे २२ वे कलम सांगते. प्रवासाचा वेळ तेवढा वगळायचा. म्हणजे दर आठ मृतांपैकी पाच जण अशा अवस्थेत मेले की कुठल्याही दंडाधिकाऱ्याने त्यांचा चेहरा पाहिला नव्हता. कुठल्या न्यायाधीशाने त्यांना ‘काही तक्रार आहे का’ असे विचारले नव्हते. त्या काही तासांचे साक्षीदार म्हणजे त्याच ठाण्यातली माणसे, डायरी त्याच ठाण्याची, आणि मृत्यूनंतर पहिला फोन जातो तोही त्याच ठाण्यातून. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात, लॉकअपमध्येसुद्धा, कॅमेरे लावायला आणि चित्रण जपून ठेवायला सांगितले ते याच तासांसाठी.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचा हिशेब वेगळा असतो, कारण पोलीस ताब्यातला प्रत्येक मृत्यू २४ तासांत आयोगाला कळवावा लागतो. हा दंडक १९९३ पासूनचा. एप्रिल २०१७ ते मार्च २०२२ या पाच वर्षांत आयोगाकडे पोलीस कोठडीतले ६६९ मृत्यू नोंदले गेले. गुजरात ८०, त्याखालोखाल आपला महाराष्ट्र ७६. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर दर चोवीस दिवसांनी एक. या पाच वर्षांत आयोगाने काय केले, याचे उत्तर केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यसभेत दिले. २०१ प्रकरणांत मिळून ५ कोटी ८० लाख ७४ हजार ९९८ रुपयांची आर्थिक मदत देण्याची शिफारस. शिस्तभंगाच्या कारवाईची शिफारस एका प्रकरणात.

एका. ही छापण्यातली चूक नाही. पैशाचा भागाकार केला तर प्रत्येक प्रकरणामागे सुमारे २ लाख ८९ हजार रुपये पडतात, आणि ते राज्याच्या तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून जातात. दोनशे एक वेळा आयोगाला वाटले की कुटुंबाला पैसे देण्याइतकी राज्याची चूक आहे. त्या चुकीमागे एखादा हात असणार, हे फक्त एकदा शिफारशीत उतरले.

असे का होते हे पाहायला बेंगळुरूला जावे लागते. तिथले पोलीस इतरांपेक्षा वाईट आहेत असे मुळीच नाही. अशा प्रकरणांत तपास कुणाच्या हाती जातो आणि कुणाच्या हातून सुटतो, हे ठरवणारे कागद त्या शहरात अगदी स्पष्ट दिसतात. आणि तिथे जे ठरते ते बेळगाव, बिदर, कारवारच्या मराठी घरांनाही लागू होते.

पहिला कागद २६ सप्टेंबर २०२४ चा. त्या दिवशी कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने सीबीआयला दिलेली सर्वसाधारण संमती काढून घेतली. गाजत होते म्हैसूर नगरविकास प्राधिकरणाच्या, म्हणजे मुडाच्या भूखंडांचे प्रकरण, आणि सगळी चर्चा त्याभोवतीच झाली. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२० मध्ये हेच केले होते आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये नव्या सरकारने संमती परत दिली, त्यामुळे हा कुठल्या एका पक्षाचा स्वभाव नाही. मुळात आहे १९४६ चा दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायदा. सीबीआय आजही याच कायद्यावर उभी आहे. त्याच्या ६ व्या कलमानुसार राज्याच्या हद्दीत तपास करायचा तर राज्याची संमती हवी. संमती असतानाही ठाण्यात झालेल्या मृत्यूचा तपास सीबीआय आपणहून उचलत नसे. तो राज्याने द्यावा लागे. म्हणजे राज्याच्या पोलिसांविरुद्ध केंद्राच्या तपासाचे दार असले, तरी त्याची किल्ली ज्यांचे पोलीस त्यांच्याच गृह खात्यात.

याला एकच मोठा अपवाद आहे. १७ फेब्रुवारी २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात सांगितले की नागरिकांच्या मूलभूत हक्कांसाठी उच्च न्यायालय किंवा सर्वोच्च न्यायालय राज्याच्या संमतीशिवाय सीबीआयकडे तपास देऊ शकते, मात्र हा अधिकार क्वचितच आणि जपून वापरायचा. देशात पोलीस ठाणी १७ हजारांहून अधिक आहेत, उच्च न्यायालये २५. तिथवर वकील घेऊन पोहोचणारी विधवा किंवा आई किती, हे मोजणारा तक्ता अजून कुणी काढलेला नाही.

दुसरा कागद खटला चालवण्याच्या मंजुरीचा. सरकारी नोकराने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल त्याच्यावर खटला भरायचा तर सरकारची पूर्वमंजुरी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे १९७ वे कलम होते. कर्नाटकात त्याच्या जोडीला १९६३ च्या कर्नाटक पोलीस कायद्याचे १७० वे कलम आहे, तेही मंजुरीचेच. बेंगळुरूतल्या एका पोलीस अधिकाऱ्याविरुद्ध कोठडीत मारहाण झाल्याची खासगी फिर्याद दाखल झाली आणि ती चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेली. हे डी. देवराज प्रकरण. १८ जून २०२० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की पोलिसाने कर्तव्य बजावताना मर्यादा ओलांडली, तरी त्या कृत्याचा कर्तव्याशी वाजवी संबंध असेल तर मंजुरीचे संरक्षण लागू होते. मंजुरी नव्हती, म्हणून त्या अधिकाऱ्याविरुद्धची कारवाई रद्द झाली.

या निकालामागचा विचार मी समजू शकतो. पोलिसाला रोज गुन्हेगारांना अटक करावी लागते. प्रत्येक अटकेनंतर सूडाने फिर्यादी होऊ लागल्या तर कुणी हात पुढे करणार नाही. पण मंजुरी देणारे टेबल आणि आरोपी ज्या खात्यात काम करतो ते खाते एकाच मंत्र्याच्या हाताखाली असेल, तर या ढालीचे माप कोण ठरवणार? ख्वाजा युनूस प्रकरण महाराष्ट्राला माहीत आहे. परभणीचा हा संगणक अभियंता घाटकोपर स्फोटाच्या संशयावरून डिसेंबर २००२ मध्ये पकडला गेला आणि जानेवारी २००३ मध्ये ‘बेपत्ता’ झाला. सीआयडीच्या तपासात १४ पोलिसांची नावे पुढे आली. राज्य सरकारने खटल्याला मंजुरी दिली ती चौघांपुरती. बाकीच्या दहा जणांचे काय, हे कुठल्याही न्यायालयाने पुरावा ऐकून ठरवले नाही. ते मंत्रालयातल्या एका फायलीवर ठरले. दोन दशके उलटून गेली तरी त्या चौघांच्या खटल्याचाही निकाल लागला नव्हता.

बेंगळुरूत याच्या उलट घडल्याचे उदाहरणही आहे आणि ते सांगायलाच हवे. २०१६ मध्ये जीवन भीमा नगर पोलीस ठाण्यात चोरीच्या संशयावरून आणलेला एक तरुण मेला. तपास त्या ठाण्याकडून काढून सीआयडीकडे गेला आणि २०२२ मध्ये शहरातल्या सत्र न्यायालयाने ४ पोलिसांना ७ वर्षांची शिक्षा सुनावली. जवळपास साडेसहा वर्षे लागली. एका शहरातले एक ठाणे, चार माणसे. वीस वर्षांतल्या २६ शी ताडून पाहिले की या चारचे वजन कळते. आणि हेही दिसते की तपास ठाण्याच्या भिंतीबाहेर गेला म्हणूनच तो न्यायालयापर्यंत टिकला.

बेंगळुरूहून दक्षिणेला निघालात की काही तासांत चंदनतस्कर वीरप्पनचा जुना मुलूख लागतो. कर्नाटक आणि तामिळनाडूच्या विशेष कृती दलांनी त्याच्या शोधात जंगलातल्या गावांचे काय केले, याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की मानवी हक्क आयोगाने कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती ए. जे. सदाशिव यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिच्या अहवालानंतर जानेवारी २००७ मध्ये आयोगाने ८९ जणांना मिळून २ कोटी ८० लाख रुपये द्यायला सांगितले. सरासरी माणशी सव्वातीन लाखांच्या आत. शिक्षा मात्र त्यातून कुणाला झाली नाही. त्याआधी, ऑक्टोबर २००४ मध्ये वीरप्पन मारला गेल्यावर, तामिळनाडू सरकारने कृती दलाच्या ७५२ जणांना प्रत्येकी ३ लाख रुपये, घरासाठी भूखंड आणि एक पायरी बढती जाहीर केली होती. नुसती रोख रक्कम २२ कोटी ५६ लाख. पीडितांच्या वाट्याच्या आठपट. बक्षीस घेणाऱ्या प्रत्येकाने अत्याचार केला असे नाही. जिवावर उदार होऊन जंगलात राहिलेली माणसे त्यात होतीच. पण राज्य आपल्या वहीत काय मोठ्या अक्षरांत लिहिते आणि काय बारीक, ते या दोन रकमांत दिसते.

आणि त्याच रस्त्यावर, धर्मपुरी जिल्ह्यातल्या हरूर तालुक्यात, सिथेरी डोंगराच्या पायथ्याशी वाचाती आहे.

२० जून १९९२. चंदनाच्या चोरट्या साठ्याचा शोध घ्यायला म्हणून सरकारी माणसे या आदिवासी गावात शिरली. वन खात्याचे १५५, पोलीस १०८, महसूल खात्याचे ६. एकूण २६९. घरे फोडली, धान्य नासवले, जनावरे मारली, विहिरी पिण्याच्या लायकीच्या ठेवल्या नाहीत. १८ स्त्रिया आणि मुलींवर बलात्कार झाले. ९० बायका, १५ पुरुष आणि २८ मुले पकडून नेली. बेरीज १३३. पकडलेल्या प्रत्येक माणसामागे, मुलांसकट, दोन सरकारी नोकर त्या गावात उतरले होते. बहुतेक पुरुष डोंगरात पळाले होते आणि पुढे कित्येक महिने गाव ओस होते.

पुढे जे झाले ते असल्या प्रकरणांत नेहमी होते. सरकारने आरोप नाकारले. स्थानिक पोलिसांकडून काही होण्याची शक्यता नव्हती, कारण आरोपींच्या यादीत तेच होते. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे आणि आदिवासी संघटनेचे कार्यकर्ते गावात पोहोचले, लोकांना धीर दिला, आणि खासदार ए. नल्लशिवन यांनी प्रकरण न्यायालयात नेले. अखेर १९९५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. स्थानिक यंत्रणा हलत नसताना बाहेरच्या यंत्रणेने पोलिसांवर खटला भरायचा, हे आपल्याकडे इतक्या मोठ्या प्रमाणावर क्वचितच घडले आहे. साऱ्या सरकारी माणसांना आरोपी केले गेले. गावावर चालून गेलेले २६९, आरोपीही २६९.

२९ सप्टेंबर २०११ रोजी धर्मपुरीचे प्रधान जिल्हा न्यायाधीश एस. कुमारगुरु यांनी निकाल दिला. जिवंत असलेला एकही आरोपी सुटला नाही. वन खात्याचे १२६, पोलीस ८४, महसूलचे ५, मिळून २१५ दोषी. त्यात भारतीय वन सेवेचे ४ अधिकारी. १७ जण बलात्काराबद्दल दोषी ठरले, त्यातल्या १२ जणांना १० वर्षे आणि ५ जणांना ७ वर्षे. बरोबर बारा वर्षांनी, २९ सप्टेंबर २०२३ रोजी, मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती पी. वेलमुरुगन यांनी सगळी अपिले फेटाळली. निकालाआधी ते स्वतः वाचातीत जाऊन आले होते. अत्याचारांच्या वेळचे जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि वन अधिकारी यांच्यावर कारवाई करा, असेही त्यांनी सरकारला सांगितले. बलात्कार झालेल्या प्रत्येक स्त्रीला १० लाख रुपये, त्यातले ५ लाख दोषींकडून वसूल करायचे.

२० जून १९९२ पासून त्या दिवसापर्यंत ११ हजार ४०० हून अधिक दिवस गेले होते. दहा लाखांना त्यांनी भागले तर दिवसाला ८८ रुपयेही पडत नाहीत. त्या अठराजणींपैकी काही शाळेच्या वयाच्या होत्या. निकाल लागला तेव्हा त्या चाळिशी-पन्नाशीच्या झाल्या होत्या.

मला या सगळ्यात अस्वस्थ करतो तो २६९ आणि २१५ मधला फरक. ५४. हे ५४ जण निर्दोष सुटले नाहीत, पळून गेले नाहीत. खटला चालू असताना ते मेले. एकोणीस वर्षांत ५४, म्हणजे दर चार महिन्यांनी एका आरोपीचे नाव यादीतून कमी होत होते. दर पाच आरोपींतला एक शिक्षेपर्यंत पोहोचलाच नाही.

हा फरक वाचातीपुरता असेल असे वाटले म्हणून इतर दोन मोठी प्रकरणे पाहिली. पिलीभीतला जुलै १९९१ मध्ये शीख यात्रेकरूंना बसमधून उतरवून बनावट चकमकीत मारले गेले. सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. आरोपी पोलीस ५७. एप्रिल २०१६ मध्ये निकाल लागला तेव्हा १० मेले होते आणि उरलेले ४७ चे ४७ दोषी ठरले. (डिसेंबर २०२२ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने खुनाचा गुन्हा सदोष मनुष्यवधावर आणून शिक्षा ७ वर्षांची केली.) मेरठच्या हाशिमपुऱ्यातून मे १९८७ मध्ये प्रांतीय सशस्त्र दलाच्या जवानांनी ट्रकमधून नेलेली सुमारे चाळीस माणसे कालव्यात टाकली गेली. तिथे तपास राज्याच्याच सीबी-सीआयडीने केला, पण सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये खटला गाझियाबादहून दिल्लीला हलवला. आरोपी १९, त्यातले ३ मेले. २०१५ मध्ये उरलेले १६ निर्दोष सुटले. मानवी हक्क आयोगाने अपिलात उतरून ठाण्याच्या जुन्या नोंदी पुढे आणल्या आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने १६ च्या १६ जणांना जन्मठेप दिली.

तिन्ही प्रकरणे एकत्र मांडली की हिशेब असा होतो. आरोपी ३४५. खटल्यादरम्यान मेलेले ६७. दोषी २७८. मेलेल्यांचे प्रमाण वाचातीत पाचात एक, पिलीभीतला आणि हाशिमपुऱ्यात सहात एक. गावे वेगळी, राज्ये वेगळी, गुन्हा वेगळा, पण आरोपींच्या मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ तेच. वीस-पंचवीस वर्षे लागली की पाचातला-सहातला एक आपोआप सुटतो, हे आपल्या व्यवस्थेने जणू मंजूरच केले आहे. साक्षीदारांचे आणि पीडितांचे मृत्यू यात मोजलेले नाहीत.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. २७८ मधले वन आणि महसूल खात्याचे लोक वगळले तरी पोलीस उरतात १४७. सुरुवातीचा आकडा आठवा, वीस वर्षांत संपूर्ण देशात कोठडी मृत्यूंबद्दल २६. म्हणजे तीनच प्रकरणांत पाचपटीहून अधिक. कोठडी मृत्यूंचा तक्ता आणि ही तीन प्रकरणे एकाच रकान्यात बसत नाहीत हे मला माहीत आहे. पण या तिन्हींत समान काय होते ते पाहा. कुठे तपास, कुठे खटला, वरच्या न्यायालयाच्या हुकमाने स्थानिक यंत्रणेच्या हातून काढला गेला. मुंबईतल्या २००६ च्या लखन भैया चकमकीतही तेच झाले. उच्च न्यायालयाने स्वतंत्र पथक नेमले आणि २०१३ मध्ये २१ जण दोषी ठरले, त्यात १३ पोलीस. हात बदलले की पुरावा सापडतो. तो आधीही तिथेच असतो.

अमेरिकेत या कामासाठी एक वेगळे दारच आहे. यादवी युद्धानंतर १८६६ मध्ये केलेल्या नागरी हक्क कायद्यातून आलेल्या एका कलमान्वये, वर्दीच्या जोरावर कुणाचे संविधानिक हक्क हेतुपुरस्सर पायदळी तुडवले तर केंद्र सरकार थेट खटला भरू शकते. राज्याने भरला असो, नसो, किंवा भरून आरोपी सुटलेले असोत. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी मार्च १९९१ मध्ये रॉडनी किंगला मारहाण केली, त्याचे चित्रण जगाने पाहिले, आणि २९ एप्रिल १९९२ रोजी राज्याच्या खटल्यात ज्यूरीने कुणालाही दोषी ठरवले नाही. शहर पेटले, पन्नासाहून अधिक माणसे मेली. त्यानंतर केंद्राने त्याच चार पोलिसांवर आपला खटला भरला आणि १७ एप्रिल १९९३ रोजी दोघे दोषी ठरले, प्रत्येकी ३० महिने. सुटकेपासून दोषसिद्धीपर्यंत ३५३ दिवस. वाचातीला सीबीआय मिळायलाच त्याच्या दुपटीहून अधिक दिवस गेले होते.

पण तिकडच्या दाराचेही कौतुक बेताने करावे लागते. १९९५ ते २०१५ या काळात पोलिसांविरुद्धच्या अशा १३ हजारांहून अधिक तक्रारी केंद्राच्या वकिलांकडे आल्या आणि त्यातल्या ९६ टक्के त्यांनी पुढे नेल्या नाहीत. कारण ‘हेतुपुरस्सर’ हा एक शब्द. १९४५ च्या स्क्रूज खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ इतका काटेकोर केला की निष्काळजीपणा, घाबरून केलेला गोळीबार, चुकीचा अंदाज यातले काहीच त्यात बसत नाही. तरीही एक फरक उरतो. तिथे ‘नाही’ म्हणणारा वकील त्या पोलिसाच्या खात्याचा नसतो, आणि त्याने किती वेळा ‘नाही’ म्हटले ते मोजता येते. आपल्याकडे नकार मोजलेच जात नाहीत.

आपल्याकडे असे समांतर दार उघडणे सोपे नाही. पोलीस हा राज्याचा विषय आहे, न्यायालयांची उतरंड एकच आहे, आणि एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नको हे संविधानाच्या २० व्या कलमात आहे. त्याला पर्याय म्हणून २००६ च्या प्रकाश सिंह निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्यात आणि जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितले. कर्नाटकाने २०१२ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्यासाठी कायदे बदलले. पण प्राधिकरण चौकशी करते आणि कळवते. खटला भरायचा अधिकार त्याच्याकडे नाही, तो फिरून त्याच खात्याकडे जातो. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली, विधी आयोगाने २०१७ मध्ये २७३ व्या अहवालात कायद्याचा मसुदाही दिला, आणि करार अजून अनुसमर्थनाविना आहे.

१ जुलै २०२४ पासून मात्र एक खरा बदल झाला आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या २१८ व्या कलमात खटल्याच्या मंजुरीला मुदत घातली आहे. विनंती हाती आल्यापासून १२० दिवसांत सरकारने हो किंवा नाही सांगायचे. मुदतीत काहीच उत्तर दिले नाही तर मंजुरी दिली असे धरायचे. फाईल दाबून ठेवण्याची जुनी सोय यामुळे बंद होऊ शकते, आणि यात मला मनापासून आशा वाटते.

पण १२० दिवसांची मोजणी सुरू होते ती विनंती टेबलावर पोहोचल्यावर. ती पाठवायची तपास करणाऱ्याने, आणि तपास करणारा बहुतेक वेळा त्याच पोलीस दलाचा. म्हणून गुन्हे नोंद विभागाच्या त्या तक्त्यात तीन रकाने वाढवायला हवेत. मृत्यूचा तपास कुणी केला. मंजुरी कोणत्या तारखेला मागितली. सरकारने कोणत्या तारखेला काय उत्तर दिले. बेंगळुरूचे विधान सौध असो की मुंबईचे मंत्रालय, या तारखा तिथल्या नोंदवहीत आजही लिहिल्या जातात. त्या छापायला नवा कायदा लागत नाही, गृह खात्याचे एक परिपत्रक पुरते.